आठव्या वचनापाशी

लातूरला मी चार वर्षं ज्यांच्या मागच्या खोलीत राहिले, त्या बाईंना शेवटाचं वावडं होतं. टीव्हीवरची मालिका संपायला आली की शेवटच्या भागाच्या दिवशी बाई टीव्ही बंद करून कोथिंबीर निवडत बसायच्या. पाहुणा उठला तर त्याला निरोप द्यायला फाटकापर्यंत जायच्या नाहीत. "हाव, तू पुढं हो, मी आलेच," असं आतूनच ओरडायच्या आणि यायच्या नाहीत. नवा माणूस बिचारा फाटकाशी दहा-दहा मिनिटं ताटकळायचा. पहिल्या आठवड्यात मीही एकदा ताटकळले आणि माझी औशाची एसटी गेली. औशाच्या पुढच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी नवीनच लागले होते. हेडमास्तरांनी उशिराचं कारण विचारलं. घरमालकीण येते म्हणाली आणि आलीच नाही, हे कारण काही त्यांना पटलं नाही.

बाई रोज दिवेलागणीला एक पुस्तक वाचायच्या, त्याचाही शेवट त्यांनी माझ्यासमोर कधी वाचला नाही. मार्कानं लिहिलेलं शुभवर्तमान. येशूची गोष्ट चौघांनी लिहिली, त्यातलं हे सगळ्यात लहान, अवघे सोळा अध्याय. बाई रोज एक अध्याय वाचायच्या, मोठ्यानं, गोळी जेवणाआधी की जेवणानंतर हे पेशंटला बजावावं तशा आवाजात. सोळाव्या दिवशी सोळावा अध्याय निघायचा. त्यातली आठ वचनं झाली की पुस्तक खटकन बंद. खाली आणखी बारा वचनं छापलेली होती, पण बाईंच्या लेखी तिथं कोरा कागद होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला अध्याय.

"बाकीच्या तिघांनी काय घोडं मारलंय तुमचं?" मी एकदा विचारलं.

"मत्तय शिस्तीचा माणूस हाय, तुमच्या हेडमास्तरासारखा. लूक म्हंजे डॉक्टर. मी जिंदगीभर डॉक्टरचं ऐकलं, आता घरी बी त्याचंच ऐकू? योहान लई मोठा, आपल्या डोक्यावरनं जातो. ह्यो मार्क बघ. एसटीच्या कंडक्टरसारखा. चला, चला, पुढं सरका! येशू इथनं निघाला, लगेच तिथं गेला, लगेच त्याला बरं केलं, लगेच होडीत बसला. बसू देत न्हाई कुणाला." आणि स्वतःच खुदकन हसल्या.

बाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. दवाखाना बंद पडला, बाई काही बंद पडल्या नाहीत. अर्ध्या गल्लीचा जन्म त्यांच्या हातावर झालेला, उरलेल्या अर्ध्या गल्लीला त्यांनी इंजेक्शनं टोचलेली. उंच, हाडकुळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नर्सचं उलटं घड्याळ अजून छातीवर टाचलेलं असायचं. आणि एक खोड अशी की कुणीही बोलायला आलं की बाई आधी त्याचं मनगट धरायच्या. माणूस बोलतोय आणि बाई घड्याळाकडं बघत नाडी मोजतायत. दूधवाला असो नाहीतर नगरसेवक. "तोंडाचं काय खरं न्हाई," म्हणायच्या, "नाडी खोटं बोलत न्हाई." गल्लीतले दोन-तीन जण तर हात पाठीमागं बांधूनच त्यांच्याशी बोलायचे.

खोली बघायला गेले त्या दिवशी मी दारातच सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध." आधीच्या तीन दारांवर आडनाव विचारून झालं होतं, चौथ्या दारावर मला तो खेळ नको होता. बाईंनी माझं मनगट धरलं, घड्याळ दोन बोटांनी वर उचललं आणि बघत राहिल्या.

"शंभराच्या वर हाय," म्हणाल्या. "मी जात विचारली का तुला? सकाळपासनं काही खाल्लंस का, ते सांग."

खाल्लं नव्हतं. त्यांनी मला कालवणात चुरलेली भाकरी दिली आणि मी ती उभ्याउभ्या खाल्ली. खोली मला मिळाली हे मला दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायकांकडून कळलं.

माझी आई मी सातवीत असताना गेली. धर्माबादला आमचे वडील मिरचीच्या आडतीवर हमाल. घरात बारा महिने तिखटाचा ठसका. पोरीच्या डोळ्यांत पाणी दिसलं तरी कुणी विचारत नाही, मिरचीचं असेल म्हणून सोडून देतात. बाईंच्या घरी पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "कामून रडून राहिलीस?" मला उत्तर देता येईना, इतकी सवय मोडली होती. त्यांनी काही समजूत घातली नाही. तेलाची वाटी आणली, माझं डोकं पुढ्यात ओढलं आणि खसाखसा चंपी केली. "लेकी," म्हणाल्या, "केसाची पार वाट लावलीस." एरवी मला त्या चिडवून मास्तरीण म्हणायच्या. लेकी म्हणाल्या की मी चार दिवस हवेत असायची. आता सांगायला लाज कसली!

एक मात्र सांगते, बाईंनी मला कधी चर्चला ये म्हटलं नाही, की मी बुद्धवंदना म्हणत असताना कधी आवाज केला नाही. माझ्या खोलीतल्या बुद्धाच्या फोटोवरची धूळ शनिवारी त्याच पुसायच्या. संध्याकाळी मी वह्या तपासत बसायची, त्या वाचायच्या, आणि मध्येच त्यांचं भांडण सुरू व्हायचं. त्यांचं येशूशी भांडण चालायचं, आणि ते अगदी घरातल्यासारखं.

पहिल्याच अध्यायात पेत्राची, म्हणजे येशूच्या एका शिष्याची, सासू तापानं फणफणलेली असते. येशू तिचा हात धरून उठवतो, ताप उतरतो आणि ती लगेच सगळ्यांना जेवायला वाढायला लागते. बाई चिडायच्या. "ताप उतरला न्हाई तर बाईला सैपाकाला जुंपली! मी तिथं असते तर दोन दिवस आराम लिहून दिला असता. पण हात धरला बघ त्यानं. नाडी बघितली असंल." मग जरा नरमायच्या.

अकराव्या अध्यायात तर मोठाच घोळ. येशूला भूक लागते, तो अंजिराच्या झाडाकडं जातो, झाडाला फळ नसतं, आणि तो झाडाला शाप देतो. मार्क स्वतःच लिहितो की अंजिराचा हंगाम नव्हता. "मग झाडाचा काय कसूर?" बाई विचारायच्या. पाळकसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या चर्चच्या तरुण पाळकांनी, ते झाड म्हणजे देऊळ, ते फळ म्हणजे विश्वास, असं पुष्कळ समजावलं. बाईंचं एकच, की झाड ते झाड. त्यांच्या अंगणात एक अंजिराचं झाड होतं, जन्मात कधी फळ न धरलेलं. लातूरला नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, भांडी खरकट्या पाण्यात विसळायचो आम्ही. पण अकरावा अध्याय झाला की त्या रात्रीच्या जेवणाआधी बाई त्या झाडाला एक पूर्ण कळशी घालून यायच्या. "मी हाय तवर तुला कुणी काही म्हणायचं न्हाई," असं झाडाला सांगायच्या. मी स्वतः ऐकलंय.

आणि त्यांचं सगळ्यात आवडतं कोडं असं. मार्काच्या गोष्टीत येशू ज्याला ज्याला बरं करतो, त्याला सांगतो की कुणाला बोलू नकोस. तो माणूस जातो आणि गावभर करतो. शेवटी मात्र उलटं होतं. येशूला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे तीन बायका कबरीवर जातात. दगड बाजूला सरकलेला, आत पांढऱ्या झग्यातला एक तरुण बसलेला. तो म्हणतो, तो इथं नाही, उठलाय, तुमच्या पुढं आपल्या मुलखात, गालीलात चाललाय. जा, त्याच्या शिष्यांना सांगा आणि पेत्रालाही सांगा. आणि त्या बायका थरथरत पळत सुटतात आणि भीतीपोटी कुणालाच काही सांगत नाहीत. आठवं वचन इथं संपतं.

"सांगू नको म्हटलं तर गावभर करतेत, अन् सांग म्हटलं की तोंडाला कुलूप," बाई पुस्तक मिटून म्हणायच्या. "माणसाची जातच असली." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून दर सोळाव्या दिवशी तोच प्रश्न. "काय वाटतं मास्तरीण, सांगितलं असंल का त्या बायांनी?"

"सांगितलं असेल की," मी वहीतून मान न काढता म्हणायची.

बाईंना एक लेक होती, हे मला चौदाव्या अध्यायामुळं कळलं. त्या अध्यायात येशूला पकडून नेतात. पेत्र, त्याचा सगळ्यात जवळचा शिष्य, अंगणात शेकोटीपाशी शेकत बसतो आणि लोक विचारतात, तू त्याच्याबरोबरचाच ना? तो तीनदा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. मग कोंबडा आरवतो आणि पेत्र रडतो. चौदाव्या दिवशी बाई रात्री जेवायच्या नाहीत. पहिल्या दोन-तीन खेपांना मला वाटलं, पित्त असेल. मग मी धीर करून विचारलं.

"मी बी केलंय हे," म्हणाल्या.

लेक नांदेडला एका दवाखान्यात नर्स होती. तिनं देगलूरच्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा हिंदू, घरची शेती, स्वतःचं कापडाचं दुकान. बाईंना मुलाचा राग नव्हता, तिनं आधी सांगितलं नाही याचा होता. नवरा-बायको दारात आले, तर बाईंनी तोंडावर दार लावलं. पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर एकीनं विचारलं, लेक कशी हाय? बाई म्हणाल्या, मला लेक न्हाई. मग दुसरीनं विचारलं. मग फाटकापाशी तिसरीनं.

"तिघींना तेच सांगितलं. चपला घालताना ध्यानात आलं, तीनदा झालं म्हणून. आमच्या गल्लीत कोंबडा न्हाई म्हणून वाचले, न्हाईतर आरवला असता." हसायला गेल्या, पण जमलं नाही.

"मग जा की तिच्याकडं. देगलूर काय लंडनला आहे?"

"कोणत्या तोंडानं जाऊ? पेत्र बी आपणहून गेला न्हाई. त्याला निरोप धाडला, तवा गेला." आणि त्यांनी पुस्तक काढून सोळाव्या अध्यायातल्या एका जागेवर बोट ठेवलं. त्या जागी कागद बोटानं पिवळा पडला होता. "शिष्यांना सांगा, अन् पेत्रालाही. आता पेत्र शिष्यच ना? मग त्याचं नाव वेगळं कामून घेतलं? कारण शिष्यांना बोलावलंय म्हटलं असतं तर तो आला नसता. त्याला वाटलं असतं, आपण आता त्यांच्यात कुठं. म्हणून वेगळं नाव घेतलं. मला असं बोलावणं येऊ दे, मी चप्पल घालायला थांबायची न्हाई."

चौथ्या वर्षी नाताळानंतरच्या रविवारी बाई चर्चला गेल्या होत्या आणि मी अंगणात कपडे वाळत घालत होते. फाटक वाजलं. एक उंच, हाडकुळी बाई आत आली. कोण आहे हे विचारायची गरजच पडली नाही, चेहराच सांगत होता. पोट दिसत होतं. ती सरळ अंजिराच्या झाडापाशी गेली, बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अजून धरलं न्हाई ना ह्यानं?"

मी तिला बसा म्हटलं, ती बसली नाही. आई चर्चला गेलेली असणार हे धरूनच ती आली होती. "थांबले आणि तिनं पुन्हा दार लावलं, तर मला आता सहन व्हायचं नाही, मॅडम. तिचा फोन तर कायम बंद असतो." ते खरं होतं. बाईंचा फोन पिठाच्या डब्यावर बंद करून ठेवलेला असायचा, बॅटरी उरावी म्हणून.

"सहावा संपत आलाय," ती म्हणाली. "तिला सांगा, मी बोलावलंय. दिवस भरायच्या आत ये म्हणावं. सगळ्या गावाची बाळंतपणं केली तिनं, माझं बी तिनंच करावं." तिनं देगलूरच्या दुकानाचा पत्ता सांगितला, मी मान डोलावली. फाटकातून ती परत फिरली. "आणखी एक. तिला म्हणावं, आणि पेत्रालाही. तेवढंच म्हणा. तिला कळेल."

मला ते काय आहे हे पुरतं कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

दुपारी बाई आल्या. रुमालात माझ्यासाठी केकची एक फोड बांधून आणली होती. "घे, तुझ्या नावानं मागून आणली, सगळ्या बाया हसल्या मला." कपाळाला हात लावला माझ्या. "तोंड कामून उतरलंय, लेकी?" मी म्हटलं, ऊन लागलं. त्यांचा हात मनगटाकडं यायला लागला तसा मी केकच्या निमित्तानं हात मागं घेतला. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी म्हटलं, उद्या.

उद्या म्हणता म्हणता साडेतीन महिने गेले. का सांगितलं नाही, याची मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. बाईंचं बीपी आहे, थंडी आहे, परीक्षेचे दिवस आहेत. सगळ्या थापा. खरं कारण एवढंच की सांगितलं तर बाई जातील, आणि गेल्या तर माझ्या डोक्याला तेल कोण लावणार? माझी एक आई गेली होती, दुसरी मला द्यायची नव्हती. बाईंची खरी लेक देगलूरला पोटुशी बसून वाटेकडं बघतेय, आणि मी इथं तिच्या आईच्या हातचं कालवण ओरपतेय! त्या दिवसांत मी बाईंशी हात पाठीमागं बांधून बोलायला लागले. दर सोळाव्या दिवशी त्या विचारायच्या, सांगितलं असंल का त्या बायांनी, आणि मी म्हणायची, सांगितलं असेल. सात वेळा म्हटलं मी.

ईस्टरच्या पहाटे त्यांची सगळी मंडळी कब्रस्तानात जमते. मेणबत्त्या, फुलं, भजनं, आणि तांबडं फुटायला लागलं की शास्त्रवाचन. ते दर वर्षी बाईंकडं, कारण त्यांच्या आवाजाला माइक लागायचा नाही. आणि दर वर्षी आदल्या दिवशी पाळकसाहेब घरी येऊन गयावया करायचे. "बाई, यंदा तरी पूर्ण वाचा. सणाचा दिवस. लोकांना आनंदाची बातमी पाहिजे आणि तुम्ही भ्याल्या म्हणून सोडून देता."

"साहेब, पुढचं कुणीतरी मागनं जोडलंय. खालची टीप वाचा, जुन्या प्रतीत न्हाई म्हणतेत. त्या माणसाला राहवलं न्हाई. गोष्ट अर्धवट दिसली की जीव खालीवर होतो ना? मला विचाराल तर जीव खालीवर व्हावा म्हणूनच अर्धवट सोडलीया. चहा घ्या."

त्या वर्षी मीही गेले होते, त्यांचा मोतीबिंदू वाढला होता म्हणून हात धरायला. बाई उभ्या राहिल्या. पुस्तक हातात होतं पण त्यांना ते पाठच होतं. दगड, पांढरा झगा, गालील, पेत्रालाही. मग त्या बायका पळाल्या, त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही, कारण त्या भ्याल्या होत्या. पुस्तक मिटलं. बाई येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. शंभर माणसं मेणबत्त्या धरून गप्प. पाळकसाहेब खाकरले आणि त्यांनी आपल्या पुस्तकातून उरलेली बारा वचनं घाईघाईनं वाचून टाकली. मागं कुणीतरी हसलं. दर वर्षीचाच खेळ होता तो.

वाचन संपून मंडळी आपापल्या माणसांच्या कबरींकडं पांगली, मला मात्र राहवेना. बाई नवऱ्याच्या कबरीवर झेंडू ठेवत होत्या, तिथंच मी खाली बसले आणि म्हटलं, "बाई, तुमची लेक आली होती."

त्या वळल्या. मी सगळं सांगितलं. नाताळ, झाड, पत्ता, सहावा महिना, आणि शेवटी ते दोन शब्द. सांगताना बाईंनी माझं मनगट धरलं होतं, सवयीनं. छातीवरचं घड्याळ वर उचललं होतं पण त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या.

"सहावा संपत आलेला?" एवढंच विचारलं. बोटांवर महिने मोजले. "म्हंजे झालं आता. पंधरा-वीस दिवसांचं असंल."

"बाई, मी..."

"कामून न्हाई सांगितलंस?"

"भ्याले."

"कुणाला?"

"तुम्ही जाल म्हणून."

त्यांनी माझं मनगट सोडलं. रागावल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. त्या कब्रस्तानाच्या फाटकाकडं चालायला लागल्या, मोतीबिंदू असून, एकट्या, भराभरा. मी मागून धावले तर हात नको म्हणून झटकला. घरी आल्या, नर्सची जुनी पिशवी काढली, पुस्तक त्यात टाकलं, आणि लगेच बाहेर पडल्या. किल्ली शेजारच्या घरी. मी अंगणात उभी होते. माझ्याशेजारून गेल्या. "तू पुढं हो, मी आलेच," हेसुद्धा म्हणाल्या नाहीत. चार वर्षांत ज्या वाक्यावर मी हसले होते, त्या वाक्यासाठी मी फाटकापाशी कितीतरी वेळ उभी राहिले.

बाई लातूरला परत आल्या नाहीत. मे महिन्यात मी धर्माबादला असताना जावई टेम्पो आणून सामान घेऊन गेला, असं शेजारच्यांनी सांगितलं. मी बदली मागून नांदेडला आले. जायच्या दिवशी अंजिराला एक कळशी घातली. फळ तेव्हाही नव्हतं.

त्याला आता पाच वर्षं झाली. नांदेडहून देगलूरला दिवसभर गाड्या आहेत. दर रविवारी मला वाटायचं जावं आणि दर रविवारी मी भांडी घासून काढायची. कोणत्या तोंडानं जाऊ, हे बाईंचंच वाक्य माझ्या वाट्याला आलं होतं. रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून मी मार्काचं लहानसं पुस्तक घेतलं. मी ख्रिस्ती झालेली नाही, होणारही नाही. पण दिवेलागणीला एक अध्याय वाचते, मोठ्यानं, कारण मला त्या वाचनात बाईंचा आवाज ऐकू येतो आणि दुसऱ्या कशानं तो येत नाही. पेत्राच्या सासूपाशी मीच चिडते, मीच नरमते. आठव्या वचनाशी थांबते. मग खोलीत, सांगितलं असंल का, असं विचारायला कुणी नसतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

परवा शुक्रवारी शाळेत मधल्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी देगलूरहून बोलतेय. तुमचा नंबर आईच्या बायबलच्या मागं लिहिलेला सापडला." आवाज मी लगेच ओळखला. ती बोलत राहिली. बाई न्हाणीघरात पडल्या, कमरेचं हाड मोडलंय, आता उठणं नाही. मुलगी पाच वर्षांची झाली. बाई तेव्हा आल्या तर ती बावीस दिवसांची होती, आणि बाईंनी दारातून आत येऊन कुणाशी काही बोलायच्या आधी तिचं मनगट धरलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. पाच वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य, बाहेर आलं तर एवढंसंच.

ती म्हणाली, "मी लई दिवस रागात होते तुमच्यावर. आई नव्हती. ती म्हणायची, उशीर केला पोरीनं, पण सांगितलं तर खरं. त्या बायांनी बी उशिरानंच सांगितलं असंल, न्हाईतर आपल्यापर्यंत आलं कसं?" मग म्हणाली, "रविवारी या. आईनं निरोप दिलाय आणि तसाच्या तसा सांग म्हणालीय. मी म्हटलं, घरचे सगळे जमणार आहेत तेवढं कळवते. तर नाही म्हणाली. घरच्यांना सांग, अन् तिलाही. तिचं नाव वेगळं घेऊन सांग, न्हाईतर ती यायची न्हाई."

आणि तिनं माझं नाव घेतलं. आडनाव न लावता, नुसतं नाव. बाईंनी मला चार वर्षं मास्तरीण म्हटलं, लेकी म्हटलं, नावानं कधी हाक मारली नव्हती. मला वाटायचं त्यांना ते आठवतही नसेल.

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. पोरं वर्गात गेली आणि मी व्हरांड्यात रडत उभी राहिले. एका पोरीनं येऊन विचारलं, बाई, का रडताय? मी तिला खरं ते सांगितलं, एका आजींनी बोलावलंय म्हणून.

आज रविवार. नांदेडच्या स्टँडवर देगलूरची गाडी लागली तेव्हा ही गर्दी. पिशवीत तेलाची बाटली आहे, बाईंच्या डोक्याला लावायला. गाडीच्या दारात पाय ठेवला आणि माझी मीच नाडी धरून पाहिली. शंभराच्या बरीच वर होती. बाई बघतील, काय म्हणतील, मी काय म्हणेन, काही ठरलेलं नव्हतं. उतरावं असं अगदी मनात आलं.

"चला, चला," कंडक्टर मागून ओरडला, "पुढं सरका!"

मी पुढं सरकले.